शिवारातली एकटी ज्वारी

बेबीनंदाच्या थोरल्या बहिणीला साखरेनं नेलं. आधी अंगठा काळा पडला, मग पाय कापावा लागला, आणि वर्षाच्या आत बहीण गेली. म्हणून भोकरदनच्या डॉक्टरीणबाई "तुम्हालाही शुगर आहे" म्हणाल्या, तेव्हा बेबीनंदानं आधी आपल्या पायाचे अंगठे बघितले.

"गोळ्या घ्याच, पण भात-पोळी कमी करा. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी खा."

केदारखेड्याला घरी परतताना एसटीच्या खिडकीतून ती दोन्हीकडची रानं बघत राहिली. मका, कपाशी, पुन्हा मका. ज्वारीचं उभं ताट कुठंच नव्हतं. घरात रेशनचा तांदूळ आणि गहू. दुकानातली ज्वारी रोज खाण्यासारखी स्वस्त राहिली नव्हती.

"आपणच पेरू," ती नवऱ्याला म्हणाली.

"येड लागलं का?" कडूबा म्हणाला. "अख्ख्या शिवारात एकटी ज्वारी म्हंजे पाखरांना आवतण. लोकांनी उगंच सोडली का?"

पण विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. रब्बीत मक्याला पाणी पुरणार नाही, हे त्यालाही दिसत होतं. बरंच कुरकुरून त्यानं विहिरीकडचा तुकडा तिला दिला.

ज्वारी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर वाढली. कणसं दुधात आली आणि थव्यामागून थवे उतरले. शेजारचे रामराव बांधावर आले. "बेबीताई, दाण्याला औषध चोळून टाक. सगळी पाखरं जागेवर पडतील."

बेबीनंदानं मान हलवली. "दादा, हितं कोंबड्या येत्यात, लेकरं खेळत्यात. आन् हेच रान मला खाऊ घालणार हाये. इख न्हाई टाकायचं."

"मंग बस राखत!" रामराव हसून निघून गेले.

ती गोफण घेऊन रानात लाकडं रोवून बांधलेल्या माळ्यावर बसू लागली. एका सकाळी धुकं होतं. माळ्याकडं चालली असताना ताटं हलली, वारा नसताना. मग फुरफुर ऐकू आली. पिलांसकट रानडुकरीण समोर उभी. बेबीनंदाच्या हातातली गोफण गळून पडली. हिनं मांडीवर सुळा मारला तर? साखरेवाल्याची जखम भरत नाही. तिला बहिणीचा पाय दिसला, बँडेजला येणारा तो वास आला. पाठ न दाखवता ती एकेक पाऊल बाजूला सरत माळ्यापाशी पोचली, वर चढली आणि तिथला पत्र्याचा डबा वेड्यासारखा बडवत सुटली. डुकरीण वळली आणि थेट रामरावांच्या मक्यात घुसली.

दुपारी रामराव आले. त्यांचा मका आडवा झाला होता, चेहरा उतरला होता. "ताई, आलटून-पालटून राखू. एकट्याचं काम न्हाई हे."

पाखरांनी आणि डुकरांनी बरंच नेलं. तरी नवरा-बायकोला पुरेल एवढी ज्वारी घरी आली, वर वैरणही. उन्हाळ्यापर्यंत बेबीनंदाची साखर उतरली. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. ती मात्र तळपायाला खडा टोचला तरी दचकायची.

पुढच्या रब्बीत रामरावांनी तिच्या बांधाला लागूनच ज्वारी पेरली. "पाखरं वाटून खातील," म्हणाले.

कणसं भरली आणि एका दुपारी आभाळ काळं झालं. गारपिटीचा वारा सुटला. वर्षाची भाकरी उभी होती समोर. विळा उचलून बेबीनंदा बांधाकडं पळाली.

"दादा, जल्दी या! आधी कोण्या रानातून काढायची?"

"तुझ्या!" रामराव पळत येत ओरडले. "तुझी पिकलीय!"

पहिली गार पडली, तेव्हा कडूबासकट तिघंही वाकून कणसं खुडत होते.