दाखल्यासाठी लावलेली द्राक्षबाग

मूर्खपणा करायला मला पाच मिनिटं पुरली, पण तो निस्तरायला अख्खा फेब्रुवारी गेला हो! चहा घ्या, सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर माझी दया येईल तुम्हाला.

तेव्हा मी अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतो. डिसेंबरात सातपूरच्या एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलं. पगार जास्त, कँटीन चांगलं, अट एकच: एक तारखेला हजर व्हा. आणि इकडे नोटीस महिन्याची!

शहाण्या माणसानं काय केलं असतं? साहेबांपुढे जाऊन सरळ सांगितलं असतं. मी डोकं चालवलं.

"साहेब, वडिलांनी पिंपळगावला अडीच एकर द्राक्षबाग घेतलीय. त्यांना एकट्याला झेपत नाही. मला ताबडतोब जावं लागेल."

आमचे वडील निवृत्त पोस्टमास्तर. गॅलरीतल्या तुळशीपलीकडे त्यांनी उभ्या आयुष्यात काही लावलेलं नव्हतं. पण खैरनार साहेब विरघळले. नोटीस माफ! वर शाल, नारळ आणि भाषण. "आजकालची पोरं शेती सोडून नोकरीमागे पळतात. आमचा हा जोशी बघा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे पुसले. खरंच पुसले हो, भाषणच तसं होतं!

नव्या नोकरीत महिना झाला नाही तोच अकाउंट्सच्या देवधरांनी बोलावलं.

"जोशी, तुमचा आधीच्या नऊ महिन्यांचा पगार आम्ही धरलाय. पण तिथे कापलेला टॅक्स धरता येत नाही. जुन्या कंपनीचा दाखला आणा. नाहीतर वर्षाचा सगळा टॅक्स मार्चच्या पगारातून जाईल."

"म्हणजे माझ्या हातात किती येईल?"

देवधरांनी चष्मा काढून पुसला. "डबा घरूनच आणता ना?"

घरी बायकोला, मंजूला, आठवा महिना लागलेला. मार्चअखेरची तारीख दिलेली, दवाखान्याचा सगळा खर्च त्या एका पगारावर ठरलेला. नेमका तोच जाणार?

"जाऊन खरं सांगून टाका," मंजू म्हणाली.

"आणि शाल परत मागितली तर?"

तिनं कपाळावर हात मारला. मी जुनी चप्पल घातली, दोन दिवस दाढी केली नाही, आणि अर्धा दिवस रजा टाकून अंबडला गेलो.

"या बागायतदार!" खैरनार साहेब उठून उभे राहिले. "कशी काय आठवण केलीत?"

"टॅक्सचा दाखला हवा होता, साहेब."

"शेतीला कुठे आलाय टॅक्स?"

बघा, इथे तरी सुधारायचं ना माणसानं? पण नाही! "बँकेला हवाय. ठिबकसाठी कर्ज काढतोय."

"वा! पुढच्या शनिवारी या, काढून ठेवतो. आणि येताना बागेतली द्राक्षं आणा की."

झालं! शनिवारी पहाटे स्कूटर काढली, थेट पिंपळगाव गाठलं. पेटी घेतली. तिच्यावर कुणा भलत्याच बागायतदाराचं नाव छापलेलं, म्हणून रस्त्याच्या कडेला बसून सगळे घड एका कोऱ्या खोक्यात भरले. घरी दोन मिनिटं टेकलो, तर मंजू खोक्याकडे बघतच राहिली.

"मला डोहाळे लागले तेव्हा पाव किलो आणली होतीत."

ऑफिसात द्राक्षांवर झुंबड उडाली. तेवढ्यात स्टोअरचे मोरे भाऊ आले. मूळचे पिंपळगावकडचे, घरी खरीखुरी बाग. एक मणी तोंडात टाकून त्यांनी विचारलं, "साहेब, छाटणी कव्हा घेतली?"

छाटणी कधी असते, मला काय माहीत? पण शेतकऱ्यानं गप्प बसून कसं चालेल? ठोकून दिलं, "परवाच!"

मोरे भाऊंचा जबडा थांबला. "परवा? आवो साहेब, छाटणीनंतर चार महिन्यांनी माल येतो, मंग ही द्राक्षं कुठून आली?"

"अर्ध्या बागेचीच घेतली. अर्धी ठेवली."

"फेब्रुवारीत?"

"इस्रायलची पद्धत आहे."

"लय भारी!" मोरे भाऊ म्हणाले आणि तोंड फिरवून जोरजोरात खोकायला लागले. मला वाटलं, ठसका लागला असेल.

दाखल्याचं काय? "सही राहिलीय हो. पुढच्या शनिवारी या." पुढच्या शनिवारी दुसरी पेटी. तर म्हणे शिक्का मिळत नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरी. दर खेपेला मी अवकाळीची काळजी करायचो, मजूर मिळत नाहीत म्हणून हळहळायचो. इतका रंगलो, की घरी एकदा वडिलांनाच विचारलं, "औषध फवारलं का?"

तिसऱ्या पेटीनंतर मात्र साहेबांनी लिफाफा पुढे केला. मी घाईघाईनं दाखला बाहेर काढला. तारीख बघितली, तर मी पहिल्यांदा आलो त्याच दिवसाची!

"साहेब, हा तर तेव्हाच तयार होता?"

"होता ना. पण स्टाफचं म्हणणं पडलं, द्राक्षं गोड आहेत, इतक्यात देऊ नका."

लिफाफ्यावर पत्ता टाइप केलेला होता: अकाउंट्स विभाग, माझी सातपूरची नवी कंपनी. मी तो पत्ता दोनदा वाचला. मोरे भाऊंना पुन्हा तोच खोकला लागला.

"तुम्ही गेलात त्याच आठवड्यात सातपूरहून फोन आला होता," साहेब शांतपणे म्हणाले. "माणूस कसा आहे, विचारत होते. अहो, मला सांगितलं असतंत तर मी काय अडवलं असतं?"

खरं सांगतो, इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि इतकं हलकंही.

दाखला सोमवारी सकाळीच देवधरांच्या टेबलावर पडला, मार्चचा पगार वाचला, आणि महिनाअखेरीस आमच्या घरात एक गोड मुलगी आली. पण त्या दिवशी निघताना मला राहवेना. दारातून मागे फिरून विचारलंच, "साहेब, फोनवर माझ्याबद्दल काय सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं. म्हटलं, माणूस कामाला चोख आहे, डोळे झाकून घ्या. फक्त सेल्समध्ये टाकू नका. बिचाऱ्याला थाप मारता येत नाही."