शेवंताचे मालक, म्हणजे आमचे व्याही

रागावणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. ब्रह्मपुरीच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्याला ती रोजच भेटतात. पण गावातल्या यच्चयावत कुत्र्यांच्या वतीने रागावायला देवाने खास घडवून पाठवलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही व्हावा, याला काय म्हणायचं! शेजारी असते तर चार शब्द सुनावले असते, गिऱ्हाईक असते तर दुसरं दुकान दाखवलं असतं. पण पडले मुलीचे सासरे. मुलीच्या सासऱ्यापुढे बापाने मान खाली घालून 'हो जी, हो जी' करायचं असतं. ते मी इतकी वर्षं करतो आहे, आणि दर 'हो जी'मागे एक शिवी गिळतो आहे. त्या शिव्यांनी आता पोट भरलं. आज थोडं बोलून घेतो.

पहिली ठिणगी मुलगी पाहण्याच्या दिवशीच पडली. वैशाखाचं ऊन, घरात पाहुणे, माझ्या बायकोने केलेले चिवडा-लाडू बशीत, आणि आमची वैशाली नवी साडी नेसून आतल्या दारात उभी. सगळं कसं रीतीप्रमाणे. एवढ्यात मागच्या अंगणात आमचा टायगर भुंकला. हे गृहस्थ लाडू अर्धा टाकून उठले आणि तडक मागे गेले. मी आपला मागून धावतो आहे. टायगर भिंतीशी बांधलेला होता, नेहमीसारखा. "भाऊ," ते म्हणाले, "साखळी हातभर, पानी नाई, डोक्यावर ऊन. याले कुत्रा पाळनं म्हनते काय जी? आन नाव टायगर! ज्याच्या गळ्यात साखळी हाय त्याले वाघ म्हनून चिडवता काऊन?" मग विचारलं, सुई कधी दिली? पिसाळू नये म्हणून देतात ती. मी म्हटलं, आठवत नाही. झालं! मध्यस्थासमोर, माझ्या भावासमोर, माझ्याच घरात मला त्यांनी असं झापलं की मुलगी दाखवायला बोलावलंय की मुलगी पळवल्याचा खटला चालू आहे, हेच कळेना. शेवटी त्यांनी वैशालीला एकच प्रश्न विचारला. "बाई, या कुत्र्याले भाकर कोन टाकते?" ती म्हणाली, "मीच टाकते." "पसंत!" म्हणाले आणि उरलेला लाडू उचलला. माझी पोरगी बी. ए. झालेली, शिवणकाम येतं, रांगोळीत कॉलेजात पहिली. त्यातलं काही नाही! कुत्र्याला भाकर टाकते म्हणून पसंत! बायको रात्रभर धुमसत होती, आणि सकाळी उठून तिने टायगरसाठी पाण्याचं घमेलं भरून ठेवलं ते वेगळंच.

लग्नात तर या माणसाने माझं नाक कापायचं तेवढं बाकी ठेवलं. फटाके नाहीत, कुत्री घाबरून रानात पळतात म्हणून. ते एक वेळ ठीक. पण पंगत उठली आणि नवरदेवाचे वडील, डोक्याला फेटा, अंगावर नवा कुडता, हातात बादली घेऊन उष्ट्या पत्रावळी गोळा करायला लागले! उष्टं गावाबाहेर फेकलं की त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून आधीच खड्डा खणून ठेवलेला. नागपूरचे माझे मावसभाऊ मला हळूच म्हणतात, "हा पत्रावळीवाला फार तालेवार दिसतो रे, फेटा काय, कुडता काय!" मी काय सांगणार? कपाळ! सांगितलं की तोच आपला व्याही.

त्यांचं गाव ब्रह्मपुरीहून जीपने तासाभरावर, पाठ जंगलाला टेकवून बसलेलं. पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे साग, बांबू आणि मोहाची झाडं. घरी एक गावठी कुत्री, शेवंता. तिची ऐट मी काय वर्णावी! एकदा मी त्यांच्याकडून परत निघालो, तर हे म्हणाले, थांबा, शेवंताला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात सुई द्यायची आहे, सोबतच जाऊ. काळीपिवळी जीप आली, कोंबून भरलेली. यांनी ड्रायव्हरला शेवंताचं वेगळं भाडं दिलं आणि तिला खिडकीशी बसवलं. तोंडाला मऊ कापडाची पट्टी, कोणाला भीती नको म्हणून. मी, मुलीचा बाप, पाठीमागच्या पायरीवर लोंबकळत! एक बाई म्हणाली, "मानूस लटकून राह्यला आन कुत्री शिटावर बसली, पाहा जी!" त्यावर आमचे व्याही काय म्हणाले असतील? "मानूस पडला तं उठते बाई. कुत्री घाबरली तं चावते, मंग समद्याईले सुया." गाडीभर लोक हसले. मी हसलो नाही, माझा एक पाय हवेत होता.

हे सगळं मी गिळलं. पण एक गोष्ट गिळता येईना. माझी नात, गुड्डी, तेव्हा नुकती धावायला लागली होती. त्यांच्या अंगणात ती दिवसभर बागडायची, आणि अंगणाला लागूनच देवाजी नावाच्या शेजाऱ्याचा गोठा. मधे नुसतं काट्यांचं कुंपण. एके दिवशी वैशालीचा फोन आला की दिवेलागणीला देवाजीचा कुत्रा बिबट्याने गोठ्यासमोरून उचलला. गुड्डी त्याच्या जरा आधीच घरात आली होती. माझ्या हातातली परात खाली पडली. दुसऱ्या दिवशी पहिली जीप पकडून मी तिथे हजर.

आता इथली एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बिबट्या गोठ्यावर येतो तो वासरासाठी. म्हणून पुष्कळ लोक गोठ्याच्या तोंडाशी कुत्रा बांधून ठेवतात. भुंकला तर राखण झाली. आणि उचलला तर? बिबट्याचं पोट भरलं, गोऱ्हा वाचला. एक गेला की दुसरं पिल्लू आणायचं. त्या गावात कुत्रं मोठं होतं न होतं तोच संपतं, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. मी पोचलो तेव्हा देवाजी त्याच खुंट्याला, त्याच दोरीने नवं पिल्लू बांधत होता. पिल्लू त्याचं मनगट चाटत होतं.

आमचे व्याही कुंपणाशी उभे. मी त्यांना रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण असं नाही. आवाज फाटला होता.

"देवाजी, तू कुत्रा पाळून नाई राह्यला. तू बिबट्याले डबा लावला डबा! रोज संध्याकाळी, एकाच जागी, बांधून तयार!"

"कुत्रा गेला तं गेला जी," देवाजी शांतपणे म्हणाला, "गोऱ्हा तं वाचला ना?"

"आज कुत्रा भेटला, उद्या भेटला. परवा तू बांधाचं विसरला तं तो उपाशी वापस जाईन काय? इथी समोर माही नात खेळते! त्याले या अंगनाचा पत्ता तू देल्ला, तू!"

मी व्याह्यांकडे वळलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा 'हो जी' सोडलं. म्हटलं, "भांडा तुम्ही खुशाल. मी माझ्या पोरीला आणि नातीला घेऊन चाललो ब्रह्मपुरीला. तुमच्या गावात माणसांची ही किंमत असेल तर तुमचं गाव तुम्हाला लखलाभ!" वैशाली दारातून म्हणाली, "बाबा, मी नाही येत." मी तिच्यावरही ओरडलो. व्याही मात्र ओरडले नाहीत. माझ्यासमोर येऊन हात जोडून उभे राहिले. "भाऊ, तुमचं बराबर हाय. मले थोडे दिवस द्या. बिबट्या पुन्हा या गल्लीत दिसला तं मीच दोघींले जीपमधे बसवून देईन. शब्द देतो." मुलीचा सासरा हात जोडतो म्हटल्यावर मी काय बोलणार? बरं म्हटलं आणि रागारागाने तिथेच मुक्काम ठोकला. दुकान भावावर सोडलं.

आणि मग सुरू झाली त्या घरातली धर्मशाळा! व्याह्यांनी देवाजीचं पिल्लू सोडलं आणि सरळ घरात आणलं. मग गल्लीतल्या घरोघरी जाऊन सांगितलं, सूर्य बुडायच्या आत आपापली कुत्री घरात घ्या. लोक हसले. कुत्रं घरात घेतलं तर लक्ष्मी जाते, असं एक म्हातारी म्हणाली. "लक्ष्मीले बिबट्या चालते, कुत्रा नाई चालत?" म्हणून हे गरजले, पण ऐकतंय कोण! शेवटी रोज उन्हं कलली की हे हातात पाण्याची बादली आणि खांद्यावर भाकऱ्यांची पिशवी घेऊन निघायचे आणि गल्लीतली सगळी कुत्री शिव्या देत देत स्वतःच्या घरी घेऊन यायचे. शिव्याही कुत्र्यांना नाही बरं का, मालकांना. ज्याचं कुत्रं त्याच्या दारासमोर उभं राहून, बापाचं नाव घेऊन. माझी विहीणबाई कपाळावर हात मारून म्हणायची, "लगन केलं तवा कोनी सांगतलं नाई मले, का इथी पाव्हन्याले वसरीत टाकते आन कुत्र्याले खोली देते." ओसरीवर टाकलेला पाहुणा म्हणजे मी. आणि तिथेही एकटा नव्हे. सकाळी जाग आली की माझ्या पांघरुणात देवाजीचं पिल्लू, पायांशी कोणाची तरी लंगडी कुत्री, आणि माझी चप्पल कुठे म्हणाल तर शेवंताच्या तोंडात. टॉवेलने कितीही अंग पुसलं तरी कुत्र्याचा वास! या वयात मला पिसवा झाल्या. ज्या माणसाने मला पिसवा दिल्या त्यालाच मी सकाळी 'झोप चांगली झाली जी' म्हणून सांगत होतो.

पण नुसती कुत्री गोळा करून हा गडी थांबला नाही. दिवसा तो देवाजीच्या गोठ्यावर. बांबूच्या तट्ट्या स्वतः विणल्या, गोठ्याला चारी बाजूंनी लावल्या, वर छत बांधलं, दाराला आतून अडसर. देवाजी बीडी ओढत बघायचा. "माह्या गोठ्यासाठी तुमी काऊन मरून राह्यले जी?" व्याही तट्टी आवळत म्हणाले, "तुह्या गोऱ्ह्याले दार नाई म्हनून माह्या नातनीले अंगन नाई. कळलं काय?" थोड्या वेळाने देवाजीने बीडी विझवली आणि दोरीचं दुसरं टोक धरलं.

बिबट्या आला. नाही आला असं नाही. एका सकाळी गोठ्याभोवती मातीत पंजे उमटलेले होते, खुंट्यापाशी तर जागच्या जागी घोटाळलेले. माझं बोचकं मी बांधायला घेतलं. व्याही पांढरेफटक. म्हणाले, "घेऊन जा भाऊ. शब्द देल्ला हाय." तेव्हा वैशाली गुड्डीला कडेवर घेऊन पंजे बघायला गेली आणि येऊन म्हणाली, "बाबा, तो आला, त्याला काही मिळालं नाही, गेला. अजून थोडं थांबा ना." आणि व्याह्यांकडे बघून, "मामाजी, तुम्ही कायले रडता?" ते म्हणाले, डोळ्यात बांबूचं कुसळ गेलं. मी बोचकं सोडलं. त्यानंतर आणखी एकदाच पंजे दिसले, तेही दूर, तलावाच्या पाळीवर. मग गल्लीने ते पाहिले नाहीत. त्याच सुमारास एका संध्याकाळी देवाजी दारात येऊन उभा राहिला, मान खाजवत. "आमचा कुत्रा द्या जी. पोट्टे रडून राह्यले त्याच्यासाठी. मी चुलीजवळ झोपवतो त्याले." व्याह्यांनी पिल्लू त्याच्या हातात दिलं आणि सुई कधी द्यायची ते त्याला एवढ्या तावातावाने समजावलं की पिल्लूसुद्धा कान पाडून ऐकत होतं.

याला आता बरीच वर्षं झाली. गुड्डी सायकलने शाळेत जाते. यंदा थंडीत मी गेलो, तर अंगणात उन्हाला चार-पाच बाया आणि देवाजीची म्हातारी आई बसलेली. मला वाटलं कोणी आजारी आहे. मधे पोत्यावर शेवंता पडली होती. तोंड पांढरं, डोळ्यांवर सायीसारखा पडदा, मागचे पाय उचलत नव्हते. गुड्डी दुधात कुस्करलेली भाकर बोटाने तिला चाटवत होती. देवाजीच्या आईने हळूच शेवंताच्या पांढऱ्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "पाहा जी. कुत्रं येवढं म्हातारं होते काय? माहा जलम गेला या गावात, म्या कधी पाह्यलंच नाई."

व्याही बाजूला भिंतीला टेकून बसले होते. तेही वाळलेत आता. मी वाट बघत होतो की आता कोणावर तरी घसरतील, निदान मी शेवंताच्या उन्हात उभा आहे म्हणून तरी. पण ते अगदी हळू म्हणाले, "भाऊ, हिले राती थंडी वाजते. खात नाई. उठवावं का पडू द्यावं, तेबी समजत नाई. विचारू कोनाले? म्हातारं कुत्रं इथी कोनी सांभाळलंच नाई."

मलाही ठाऊक नव्हतं. मी अंगावरची शाल काढली आणि त्यांच्याजवळ दिली. ते ती शेवंतावर पांघरू लागले, तसं दुसरं टोक मी धरलं.