चिपवाल्यांचे अकरा जोड

"तुम्ही चिप प्रत्यक्ष पाहिली आहे का?"

"फोटोत पाहिली आहे," मी म्हणालो.

विचारणारा तरुण अमेरिकेत शिकून आलेला एक्स्पर्ट होता. शेजारी डायरेक्टर बसले होते. चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणारी त्यांची पुण्याची कंपनी धुळ्याच्या एका कॉलेजात मुलं निवडायला आली होती. आलोच आहोत तर एक सीनियर इंजिनियरही उरकून टाकू, असा उदार विचार करून त्यांनी पेपरात चार ओळींची जाहिरात दिली होती.

मी जळगावात ठिबक सिंचनाच्या कंपनीत होतो. शेतातून पाइप कुठून न्यायचे ते ठरवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. ऑफिसात मला कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणत. एकदा तरी कुणी इंजिनियर म्हणावं, म्हणून ही नोकरी मला मनापासून हवी होती.

"पाइप आणि चिप यांत थोडा फरक असतो," एक्स्पर्ट म्हणाला.

"हो. पाइप दिसतो."

डायरेक्टर हसले. एक्स्पर्टने फळ्यावर एक चौकट काढली, कडेने वीस टिंबं देऊन त्यांना एक ते दहा आकडे दोनदा घातले आणि सांगितलं, "सारखे आकडे दहा तारांनी जोडा."

चिपमध्ये अशा लाखो तारा असतात. एका थरावर दोन तारा एकमेकींना छेदल्या की शॉर्ट. म्हणून एकीला भोक पाडून वरच्या थरावर न्यायचं. त्या भोकाला व्हाया म्हणतात. त्यांच्या सॉफ्टवेअरचं काम एवढंच, रस्ता शोधणं.

मला आमचे फिटर नाना आठवले. माझा पहिला नकाशा शेतात उतरवला तेव्हा ते भर उन्हात माझ्यावर डाफरले होते, "भाऊ, इतला जोड कसाले टाकात? बठ्ठं पानी आठेच जाई राह्यनं!" सगळं पाणी जोडांतूनच गळत होतं. तेव्हापासून मी पाइप लांबून वळवतो, पण जोड टाळतो. फळ्यावरही तेच केलं. व्हाया लागले तीन.

"तार लांब झाली," एक्स्पर्ट म्हणाला.

"पण जोड कमी. जोडच आधी दगा देतो ना?"

डायरेक्टर खुर्चीत सरळ बसले. "चिपमध्येही तेच होतं," ते म्हणाले. "महिन्याभरात रुजू व्हाल?"

"होईन, सर."

शहाण्या माणसाने इथे नमस्कार करून उठायचं असतं. पण एक्स्पर्टने बॅगेतून प्रिंटआउट काढला. "बाय द वे, हेच कोडं आमचा प्रोग्राम काही सेकंदांत सोडवतो."

मी कागद हातात घेतला आणि सवयीने मोजलं.

"अकरा जोड आहेत, सर. आमच्या नानांनी हा शेतात उतरवू दिला नसता. कुणी लिहिलाय प्रोग्राम?"

डायरेक्टर छताकडे बघू लागले. एक्स्पर्टने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि त्याची नीट चौपदरी घडी केली. लिहिणारा कोण, ते मला घडी बघून कळलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तांत्रिक ज्ञान उत्तम, परंतु उमेदवार टीम प्लेयर वाटत नाही. खाली सही एक्स्पर्टची. मी ते दोनदा वाचलं. फार वाईट वाटलं, आणि राग आला तो स्वतःचाच.

तेव्हापासून नवीन मुलांना एवढंच सांगतो. दुसऱ्याचे जोड जरूर मोजावेत. फक्त आधी अपॉइंटमेंट लेटर खिशात असावं.