पट्ट्यातला श्वास

पडदा वर जातो तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत. काचेला अर्धगोल भोक, अलीकडे लोकांची रांग, पलीकडे आपले तक्रारबाबू. पेन कानावर आणि आवाज असा, की शेवटच्या माणसाचेही तिकिटाचे पैसे वसूल. नळाला पाणी नाही असं कोणी म्हटलं, की बाबू आधी विचारत, नळ सोडून पाहिलात का. तिथून जी जुगलबंदी रंगे, तिला तोड नव्हती. भांडण आटोपलं की मात्र त्याच दिवशी फिटर रवाना होई.

साहेबांना यातला रस कळेना. श्वासावर संशोधन करणारी मंडळी तेव्हा कचेरीत आली होती. संथ श्वासाने ताण उतरतो, काम सुधारतं, हे त्यांना मोजून दाखवायचं होतं. साहेबांनी बाबूंना त्यांच्या हवाली केलं आणि बजावलं, की महिन्याभरात शांत झालात तर खिडकी तुमची, नाहीतर तळघरातलं गोदाम. तिथे नुसते पाइप. पाइप कशाला तक्रार करतात?

संशोधक बाईंनी छातीला बांधायचा पट्टा दिला. रोज संध्याकाळी तो बांधून श्वास घ्यायचा, जरा थांबवायचा, सावकाश सोडायचा; नोंद आपोआप त्यांच्याकडे जाणार. बाबूंनी श्वास रोखला की डोळ्यांपुढे गोदाम उभं राही आणि छातीचा भाता सुरू होई.

"अहो, आराम करताय की जिना चढताय?" बायको म्हणाली.

एका संध्याकाळी त्यांची नजर आरामखुर्चीत पेंगणाऱ्या सासऱ्यांवर पडली. पोट कसं संथ वरखाली होत होतं. बाबूंनी पट्टा अलगद तिकडे बांधला. जावई एवढी माया करतोय म्हणून सासरेही गहिवरले आणि रोज वेळेवर पेंगू लागले.

निकाल आला. असा श्वास उभ्या संशोधनात कोणाचा नव्हता. लगेच सभागृहात प्रात्यक्षिक ठरलं. मागच्या पडद्यावर श्वासाची रेघ, समोर सगळी कचेरी. बाबूंनी डोळे मिटून श्वास घेतला मात्र, रेघ उधळलेल्या घोड्यासारखी सुटली.

साहेब उठले. "उद्यापासून गोदामात."

बाबूंनी डोळे उघडले. साहेबांच्या गाडीला रोज अंघोळ घालतात तेव्हा कोणाचे नळ कोरडे असतात, इथून त्यांनी सुरुवात केली. लांबच लांब वाक्य एका दमात, म्हणजे श्वास आपसूक सावकाश सुटणार, मग भरपूर श्वास, की पुन्हा वाक्य. रंगभूमीवरच्या जुन्या खोडांना हा हिशेब विचारावा. आवाज चढत गेला आणि रेघ उतरत उतरत पार निवांत झाली. संशोधक बाई खुर्चीच्या टोकावर येऊन, थांबू नका, अशा खुणा करू लागल्या.

बाबू मात्र थांबले. पट्टा सोडून टेबलावर ठेवला, सासऱ्यांचं सगळं सांगून टाकलं, आणि इतक्या वर्षांत कोणी ऐकला नव्हता अशा खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, शांत राहायला मला समोर कोणीतरी लागतं हो. गोदामात मी कोणाशी भांडू?"