तांब्याच्या पातेल्यातली कढी

मला तांबं शोधायचं होतं, म्हणून मी इंग्रजी ज्ञानकोशाचा टी अक्षराचा खंड काढला. अकरावीत होतो. सायन्स घेतलेलं. इंग्रजी पुस्तकात तांबं टी खाली सापडेल, असं त्या घाईत मला खरंच वाटलं. घरात मी ही गोष्ट इथपर्यंतच सांगतो. पोरं खो खो हसतात, मीही हसतो. पुढचं कधी सांगितलं नव्हतं.

पुढे कानाखाली बसली. खंड हातातून पडला.

"अक्कल बघा," सेक्रेटरी म्हणाले. "आणि हा ज्ञानकोश वाचणार! हात धुतलेस का रे?"

हे आमच्या राजधानीतल्या, करोल बागेजवळच्या सरकारी वसाहतीतल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. मोठे साहेब. बाबा त्यांच्याच खात्यात कारकून. क्वार्टर मिळालं ते नंबर लागला म्हणून, पण मंडळाच्या लेखी आम्ही 'ते लोक'. आमची वर्गणी चालायची. आमच्या घरचं पाणी चालायचं नाही. ज्ञानकोश मंडळाच्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात असत. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लागे. वाचताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी गणपतीचा महाप्रसाद होता. वाढायला माणसं कमी पडली, म्हणून कुणीतरी आईच्या हातात कढीचं ओगराळं दिलं. पहिल्यांदाच. आई पदर खोचून पंगतीत फिरली. हसत होती. आग्रह करत होती. थोड्याच वेळात पंगतीतले लोक उठून हिरवळीवर ओकायला लागले.

सेक्रेटरींच्या बायकोने आईच्या हातातलं ओगराळं हिसकावलं आणि तिच्याच कपाळावर हाणलं. पितळेचं, जड. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं.

"कुणी हात लावायला सांगितला हिला? हिनेच कालवलं काहीतरी!"

कुणीतरी मागून आईचा बुचडा धरला. तिला खाली बसवलं. वाकवलं. बाबा हात जोडून उभे. "साहेब, चूक झाली." कुठली चूक, हे त्यांनी विचारलंच नाही.

मी मात्र पातेलं बघितलं होतं. मंडळाचं मोठं तांब्याचं पातेलं. आतली कल्हई उडालेली. कढी सकाळीच झाली होती आणि पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत त्यातच मुरत पडली होती. कडेला हिरवट कड धरलेली. शाळेच्या प्रयोगशाळेत तांब्यावर आम्ल पडलं की असाच रंग यायचा. पण माझ्या सांगण्याला कोण विचारतं? छापलेलं हवं होतं. म्हणून मी कपाटाकडे धावलो आणि टी काढला. ती थप्पड ही अशी.

थपडेबरोबर तांब्याला इंग्रजीत काय म्हणतात तेच डोक्यातून उडालं. हुशार म्हणून शाळेत माझं नाव होतं, बरं का. खालच्या उघड्या फळीवर मराठी-इंग्रजी शब्दकोश होता. गुडघ्यावर बसून पानं उलटली. तांबं. कॉपर. उठलो आणि सी च्या खंडाला हात घातला.

सेक्रेटरींनी कपाटाचं दार माझ्या बोटांवर लोटलं. लोटून धरलं. अंगाचा भार टाकला.

"सॉरी बोल. आईला उचल आणि नीघ."

बोटात काहीतरी कडकन मोडलं. माझ्या तोंडून आवाज निघाला तो जनावराचा होता. मग शब्द निघाले.

"नाही बोलणार."

मोकळ्या हाताच्या कोपराने मी काच फोडली. काचा त्यांच्याही मनगटात घुसल्या, तेव्हा ते बाजूला झाले. सी उघडला. पानावर रक्त गळत होतं. तांब्याखाली लिहिलेलं, व्हर्डिग्रिस, म्हणजे तांब्यावरच्या हिरव्या जंगालासाठी, व्ही चा खंड पाहा. कोशांचं हे सरकारी ऑफिससारखं असतं. या टेबलावर विचारलं की त्या टेबलावर पाठवतात. व्ही काढला. सापडलं. ओरडून वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात आंबट राहिलं की हिरवा विषारी क्षार धरतो. पोटात गेला की ओकाऱ्या होतात.

"अच्छा, म्हणजे कळकली होती कढी," एक काकू म्हणाल्या.

"चलो, छोडो यार. सणाचा दिवस आहे," कुणीतरी म्हणालं.

संपलं. आईचा बुचडा सोडला. तिच्याशी कुणी बोललं नाही.

तेव्हा मला कळलं. कल्हई उडालेल्या भांड्यात कढी कळकते हे त्या हॉलमधल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. हिरवी कड सगळ्यांना दिसली होती. कोशाची गरज फक्त मलाच होती. त्यांना आई पुरेशी होती.

घरी बाबांनी मला पट्ट्याने फोडलं. नोकरीच्या भीतीने मारत होते आणि मारताना रडत होते. आई भुवईवर फडकं दाबून बसली होती. मार संपल्यावर म्हणाली, "काय वाचलंस ते परत सांग. मला कळेल असं." मी सांगितलं. तिने परत सांगायला लावलं. मंडळात ती पुन्हा गेली नाही, आणि मरेपर्यंत कुणाच्या पंगतीत तिने काही वाढलं नाही.

मी पुढे रसायनशास्त्रच शिकवलं. परवा याच शहरातल्या आमच्या द्वारकेच्या फ्लॅटवर मंडळाचे दोन पदाधिकारी आले. चांगले लोक, वयाने माझ्याहून लहान. मंडळाच्या संदर्भ-दालनाला त्या सेक्रेटरींचं नाव देतायत. उद्घाटक मी.

"सर, साहेबांबद्दल चार शब्द बोला ना," एक म्हणाला. "एकदा म्हणे कुठल्याशा बाईने प्रसादात काहीतरी कालवलं होतं. लोक मरायचेच. साहेबांनी सगळं निभावून नेलं. तो किस्सा बिल्कुल सांगाच."

मी काय केलं? त्यांना आणखी चिवडा वाढला. ते लिफ्टने खाली गेले. मग मी बायकोला सगळं सांगितलं. कपाळ, बुचडा, बोटं, सगळं. पहिल्यांदा.

शेवटी म्हणालो, "मी जाणार. हार घेणार नाही. फीत कापणार नाही. माइक हातात आला की आधी तिचं नाव सांगणार, आणि ती माझी आई होती हे सांगणार. मग कुणी तिला कशाने मारलं, ते."

ती म्हणाली, "माइक बंद करतील ते. करू देत. मी पहिल्या रांगेत बसते. तुमचा आवाज बसला की तिथून पुढे मी."