खोडलेलं गाणं

"आदी कारन सांगा, मंग बंद करा," हे मामांचं नेहमीचं वाक्य. वायरमन लाइट बंद करायला खांबावर चढला, की मामा खाली उभे. एसटी रद्द झाली, की कंट्रोलरच्या खिडकीत मामा. लोक वैतागायचे. मला मात्र गंमत वाटायची. असं विचारणारा आपल्यात एखादाच असतो, नाही का?

दौंडात माझं सायबर कॅफे होतं आणि मामा कुरकुंभला कंपनीत होते. रात्रपाळी सुटली, की तांबारल्या डोळ्यांनी थेट माझ्याकडे यायचे आणि एका बोटानं आपल्या वडिलांची गाणी ब्लॉगवर चढवायचे. वडील आंबेडकरी जलशात गायचे, पण अक्षरशत्रू. गाणी मामांनाच तेवढी तोंडपाठ होती. त्यातलं विहिरीचं गाणं, पाणी नाकारल्याचं, भीमजयंतीला वस्तीत सगळ्यात आधी मामा म्हणायचे.

एके दिवशी ब्लॉग उघडेना. मी इंटरनेटवाल्यांना फोन लावला. "वरून आदेश आहे, कुठली पानं ते सांगता येत नाही," एवढंच ते बोलले. दुसऱ्याच कुणाच्या पानांपायी ब्लॉगांची अख्खी साइटच बंद झाली असणार, असं मी मामांना समजावलं.

"न्हाई. माज्याच गान्यात कायतरी घावलं आसंल."

"मामा, दिल्लीत कोण वाचतंय तुमचं गाणं?"

"मंग सांगत का न्हाईत?"

मामांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. माहिती गोपनीय आहे, देता येत नाही, असं उत्तर आलं आणि मामा खचलेच. त्यांचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. त्याच्या वाटेत आपण काटे पेरले, या धास्तीनं ते एकेका गाण्यात स्वतःचा गुन्हा शोधत बसायचे. शेवटी संशय विहिरीच्या गाण्यावर आला.

पुढं ब्लॉग आपोआप उघडला. तेव्हाही कुणी काही कळवलं नाही. मामा आले ते गाणं खोडायलाच. मी म्हणालो, "राहू द्या हो."

"तुला म्हनायला काय जातंय? पोरगं माजं हाय."

त्या जयंतीला दुसऱ्याच गाण्यानं सुरुवात झाली. मला फार वाईट वाटलं. नंतर ते गाणं त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही.

पोरगा पोलिसात लागला. भरतीत त्याच्यापाशी गाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

मामा गेले. पुण्यानुमोदनाला पोरगा उभा राहिला आणि आज्याचं विहिरीचं गाणं म्हणू लागला. पहिलं कडवं झालं. पुढचं आठवेना. त्यानं समोरच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, पण ध्रुपदापलीकडं कुणालाच काही येत नव्हतं. मग सगळे तेवढं ध्रुपदच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.