कुकर सापडला का?

मेश्रामबाईंना एखादी गोष्ट पटली नाही की त्या आधी चष्मा काढायच्या. पदराच्या टोकाने दोन्ही काचा सावकाश पुसायच्या, चष्मा पुन्हा नाकावर चढवायच्या, समोरच्या माणसाला केसांपासून चपलांपर्यंत एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं आहे. शोभते तुम्हाले." वर्गात त्या विज्ञान शिकवत ते स्वच्छ प्रमाण मराठीत. नागपुरी बोली त्यांनी दोनच ठिकाणांसाठी राखून ठेवली होती. एक घर, आणि दुसरे तिरस्कार.

मागच्या महिन्यात बाई गेल्या. शाळेने शोकसभा घेतली. तिथे ज्या बाईंचे वर्णन झाले त्या मला ओळखू येईनात. गोड स्वभावाच्या, म्हणे. सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या. मेश्रामबाई गोड नव्हत्या, आणि इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला सांभाळून घेतल्याचे मी पाहिले नाही. माणूस मेला की त्याच्या अंगावर आपल्या मापाचे कपडे चढवायचे, ही आपल्याकडची रीत. म्हणून हे लिहिते आहे.

मी त्याच शाळेत मराठी शिकवत होते आणि ग्रंथालय बघत होते. मुळात माझे बोलणे कमी. बाई म्हणायच्या, "दाणीबाई, तुम्ही बोलत नाही म्हणून लोक तुम्हाले सज्जन समजतात. माझं ते नशीब नाही." त्यांचे घर उत्तर नागपुरात, जरीपटक्याच्या अलीकडे. छप्पन साली घरातल्या सगळ्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा त्या कॉलेजात होत्या. त्यांच्या वस्तीतल्या काही मुली आमच्या शाळेत येत. त्या बाईंच्याच हट्टामुळे आल्या होत्या.

साठीचे दशक संपत आले होते. दर हिवाळ्यात मुलींचे तीन दिवसांचे शिबिर रामटेकला, डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकून होत असे. स्वयंपाकाला एक महाराज यायचे. त्या वर्षी ते गावी निघून गेले. मेश्रामबाई म्हणाल्या, "मुलींनाच करू द्या स्वयंपाक. पाळीपाळीने. शिबिर त्यासाठीच तर असतं."

यात नाही म्हणण्यासारखे काही नव्हते, म्हणून कोणीच नाही म्हटले नाही. फक्त स्वयंपाक कशावर करायचा, यावर बैठकी सुरू झाल्या. वातीचा स्टोव्ह नको, भांडी काळी होतात. पंपाचा नको, भडका उडेल. कोळशाची शेगडी जड. चुलीचा धूर मुलींच्या डोळ्यांत जाईल. एरवी खडू संपले तरी न बोलणारी माणसे ज्वलन या विषयावर तास तास बोलू लागली. मुख्याध्यापिका, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू, प्रत्येकाला मान डोलावत होत्या. मेश्रामबाई वह्या तपासत होत्या.

मग देशकर सरांनी उपाय आणला. देशकर सर भूगोल शिकवायचे. आवाज अतिशय मृदू, आणि त्या मृदू आवाजात ते काहीही बोलू शकत. त्यांनी टेबलावर पितळेचा एक उंच कुकर ठेवला. खाली मूठभर कोळशाची जागा, वर एकावर एक चार डबे, आणि सगळ्यांभोवती झाकणाचे नळकांडे. प्रवासाला जुने लोक नेत तसला.

"असे दहाबारा मिळतील," सर म्हणाले. "प्रत्येक मुलीनं घरूनच आपला तांदूळ, आपली डाळ डब्यात भरून आणायची. शिबिरात पाणी घातलं की झालं. ज्याचं त्याच्या डब्यात. कोणाला कोणाचं काही करायला नको."

सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. मोठ्या बाई म्हणाल्या, "किती सुटसुटीत!"

मेश्रामबाईंनी वही मिटली आणि चष्मा काढला.

"सर, यात माझ्या वस्तीतल्या पोरींचा डबा वरचा ठेवान का खालचा?"

"बाई, तसं काही मनात नाही हो."

"मग काहून इतका घाम आला? तुम्ही कुकर शोधून राहिले का भिंत शोधून राहिले?"

सर मृदूपणे हसले. मोठ्या बाईंनी चहा मागवला. बाई त्यांना म्हणाल्या, "विज्ञानाचं सांगते, मग तुमचं चालू द्या. एवढ्याशा कोळशावर चार घरचं धान्य सारखं शिजत नसते. खालचं जळन, वरचं कच्चं राहीन. आणि पोरी उपाशी राहतीन." ठराव मात्र कुकरचाच झाला. "बरं आहे," बाई म्हणाल्या. "शोभते तुम्हाले."

मला वाटले, आता त्या शिबिराला येणार नाहीत आणि त्यांच्या मुलीही येणार नाहीत. मी तसे विचारले. "काहून नाही येणार? आम्ही नाही गेलो तर यांचं काम फुकटात झालं ना वं!" आणि रामटेकच्या बसमध्ये त्या एक गोणपाट घेऊन चढल्या. त्यात त्यांच्या घरचा मोठा पितळी पंपाचा स्टोव्ह होता. वस्तीत लग्न निघाले की तो घरोघर फिरायचा. सोबत तेवढेच मोठे पातेले होते. देशकर सरांनी विचारले तेव्हा म्हणाल्या, "चहासाठी आणला, सर. चहाले तर काही ठराव नाही ना?"

पहिल्याच दुपारी व्हायचे ते झाले. कोणाच्या घरून आला तो जुना तांदूळ, कोणाचा नुकताच निघालेला नवा. कोणाच्या आईने तुरीची डाळ दिलेली, कोणाच्या आईने मुगाची. दोन तास झाकणे उघडायची नाहीत, असा सरांचा हुकूम होता. उघडली तेव्हा खालच्या डब्यांतून करपल्याचा वास आला आणि वरच्या डब्यांत तांदूळ दातांखाली खडखडत होता. कोळसे केव्हाच विझले होते. डोंगर चढून उतरलेल्या मुली ते डबे मांडीवर घेऊन बसल्या. एक रडायला लागली. सर म्हणाले, "थोडी सहनशीलता शिकायला हवी."

बाईंनी स्टोव्ह बाहेर काढला. काकडा रॉकेलात बुडवून पेटवला, बर्नर तापू दिला, मग पंप मारला. स्टोव्ह असा घरघरायला लागला की सरांचे पुढचे वाक्य कोणाला ऐकू आले नाही. पातेल्यात पाणी उकळायला ठेवून बाई म्हणाल्या, "जळलेलं बाजूला काढा. बाकीचं आणा इकडं. ओता."

कोणी हलेना. वस्तीतल्या मुली बाईंकडे बघत होत्या, बाकीच्या सरांकडे. शेवटी एक लहानखुरी मुलगी डबा छातीशी धरून पुढे आली. "बाई, आईनं सांगितलं आहे, डबा कोणाला देऊ नको."

"नको देऊ. डबा तुझाच," बाई म्हणाल्या. "आतलं ओत."

मुलीने क्षणभर विचार केला आणि ओतले. मग दुसरी आली, तिसरी आली, मग रांग लागली. नवा, जुना, तूर, मूग, अर्धे कच्चे सगळे त्या एका पातेल्यात गेले आणि कोणाचे काय ते नंतर कोणालाच सांगता आले नसते. बाईंनी तिखट, मीठ, तेल घातले. शिजले तेव्हा मुलींनी पातेल्याभोवतीच ताटल्या मांडल्या. मीही त्यांच्यात बसले.

देशकर सर तंबूच्या पलीकडे, आमच्याकडे पाठ करून बसले होते. घरून आणलेली संत्री सोलत होते. बाई पळी हातात घेऊन तिकडे गेल्या.

"सर, खिचडी आहे."

"नको, बाई. आज फलाहारच करतो."

"करा. संत्रं तुमच्यासाठीच बनलं आहे. हरेक फोड आपल्या वेगळ्या पिशवीत. कोणाले कोणाचं लागत नाही."

सरांनी ऐकू न आल्यासारखे केले आणि एक बी नीट सालीवर काढून ठेवली. उरलेल्या दोन दिवसांत त्या पितळी कुकरांना कोणी हात लावला नाही.

परतल्यावर चार पालक मोठ्या बाईंना भेटून गेले. कोणीही खिचडीचे नाव काढले नाही. शिस्तीबद्दल बोलले, प्रकृतीबद्दल बोलले. पुढच्या हिवाळ्यात फलकावर सूचना लागली की योग्य कुकर उपलब्ध न झाल्यामुळे यंदा शिबिर होणार नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही तेच. मग सूचना लावायचीही गरज उरली नाही. एका पातेल्यात जेवण्यापेक्षा त्या सुशिक्षित माणसांनी शिबिरच सोडून दिले, आणि सोडल्याचे खापर भांड्यावर फोडले. मी त्या शिक्षकखोलीत निवृत्तीपर्यंत बसले. तिथे पुस्तके वाचणारी बरीच माणसे होती.

बाईंनी विषय सोडला नाही. दर हिवाळ्यात, बैठक संपत आली की त्या चष्मा पुसत विचारायच्या, "मोठ्या बाई, सापडला का कुकर?" मोठ्या बाई बदलल्या, दुसऱ्या आल्या, प्रश्न तोच राहिला. नव्या शिक्षकांना तो बाईंचा विक्षिप्तपणा वाटे. शेवटच्या आजारात मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांचा आवाज पार खोल गेला होता. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. त्याच म्हणाल्या, "दाणीबाई, सापडला का वं?" मी नाही म्हणून मान हलवली. त्या हसल्या आणि भिंतीकडे वळून झोपल्या.

आणि शोकसभेत देशकर सर उभे राहिले. आता पुरते म्हातारे झालेले, आवाज तसाच मृदू. म्हणाले, "रामटेकच्या शिबिरात बाईंच्या हातची खिचडी आम्ही सगळ्यांनी एका पंगतीत बसून खाल्ली. तो प्रसंग मी जन्मभर विसरणार नाही." सभागृहात हळहळ पसरली.

मी उभी राहिले. सभेत बोलायची मला सवय नाही, म्हणून आवाज हवा त्याहून मोठा निघाला.

"सर, तुम्ही संत्री खाल्ली होती."

मागच्या रांगेत एक चाळिशीकडे झुकलेली, लहानखुरी बाई फिसकन हसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. सरांनी पाणी मागितले. आताच्या मुख्याध्यापिका घाईने माइकपाशी गेल्या आणि त्यांनी जाहीर केले की मेश्रामबाईंच्या स्मरणार्थ शाळा यंदापासून रामटेकचे शिबिर पुन्हा सुरू करील. टाळ्या पडल्या.

तेव्हा पुढच्या रांगेतले एक तरुण सर उठून म्हणाले, "कल्पना उत्तमच आहे. फक्त स्वयंपाक कशावर करायचा, ते ठरवायला एक समिती नेमावी."

मी चष्मा काढला आणि पदराने काचा पुसायला घेतल्या.